आधी गा, मग वाजव

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, गिटारचं रेकॉर्डिंगही ऐकलं. एवढं सगळं फोनवर टाइप करायला मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. बाबांच्या हाती पाठवतो.

तीन गोष्टी विचारल्यास. गिटारचा आवाज बदलणारं नवं पेडल घेऊ का? डीप पर्पलचा ब्लॅकमोर जमत नाही तर आधी पिंक फ्लॉइडचा गिल्मोर करू का? आणि कॉलेजातला तो मुलगा रीलवर दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटत व्हॅन हेलनचं टॅपिंग वाजवतो, तसं मला कधी येणार? तिन्हींना माझं एकच उत्तर आहे. आधी गा. गिटार बाजूला ठेव आणि तो सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, तोंडानं म्हणून दाखव. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधल्या थांबण्यासकट. येत नसेल तर तो सोलो तुला येत नाही, मग बोटं कितीही पळोत.

रेकॉर्डिंगबद्दल बोलतो, कारण त्यातच सगळं आहे. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा दुसरा सोलो तू निवडलास, चांगलं केलंस. टॅबमधले, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटला दाबायची ते सांगणारे, आकडे सगळे वाजलेत, एकही चुकला नाही. पण तिसरी तार नवव्या फ्रेटला ओढतेस ना, ती वर जाऊन अकराव्या फ्रेटचा सूर लागला पाहिजे. तुझी तार निम्म्या वाटेत थांबते, आणि लगेच सूर हलवत व्हायब्रेटो सुरू करून तू ते झाकतेस. टॅबवर वर वळलेला बाण असतो आणि ‘फुल’ असं लिहिलेलं असतं. तू बाण पाळलास, सूर नाही. आता असं कर. दुसऱ्या तारेवर सातवी फ्रेट वाजव. तोच सूर आहे. तो गा, गात राहा, आणि गाता गाता तिसरी तार ओढ. तोंडातला सूर आणि तारेतला सूर एक झाले की थांब. आमच्याकडं लेथवर जॉब उतरवताना माप घ्यायचा व्हर्नियर लावल्याशिवाय कुणी पुढं जात नाही, तसा तुझा गळा हा तुझा व्हर्नियर आहे. बेंड झाला, म्हणजे तार ओढून झाली, की लाव. दरवेळी लाव.

तू म्हणशील, काका, मला गाता येत नाही. अगं, गायला कुणी सांगितलंय? गुणगुणायला सांगतोय. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातेस, तिथं पुटपुट. लोक बघतील, बघू देत. आपल्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आणून ठेवलं. त्यांच्याकडं केसरबाई शिकल्या, मोगूबाई शिकल्या. समोर बसायचं, गुरूच्या तोंडून ऐकायचं आणि तेच घोटायचं, अशी ती रीत. त्याच गावात राहून तू एका इंग्रजाची बंदिश आकड्यांवरून पाठ करतेस, याचा मला राग येतो, खरं सांगतो. आणि गिल्मोरचे बेंड म्हणजे दुसरं काय आहे? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडच आहे की.

त्या सोलोबद्दल एक गोष्ट तुला माहीत नसेल. १९७९ चा तो अल्बम. गिल्मोरनं त्या जागी पाच-सहा वेगवेगळे सोलो रेकॉर्ड केले. मग ऐकत बसून कुठल्या टेकमधला कुठला तुकडा चांगला आहे त्यावर खुणा केल्या आणि ते तुकडे जोडून एक सोलो केला. म्हणजे आपण जे अखंड म्हणून घोटतो ते त्यानं तसं सलग वाजवलंच नव्हतं. निवड हातानं नाही, कानानं केली. यावरून तुला काय समजायचं ते समज.

पेडलचं तर बोलूच नको. गिल्मोरचं बिग मफ पेडल घेतलंस म्हणून गिल्मोरचा सूर येत नाही. त्याची ती काळी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार २०१९ मध्ये लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली. तुझी गिटार आहे ती ठीक आहे, फक्त ब्रिज जरा वर आहे, तो मी खाली करून देईन.

आता ब्लॅकमोर. ‘हायवे स्टार’चा सोलो तू मेट्रोनोमवर मिनिटाला ११० ठोक्यांपर्यंत नेलास, त्यापुढं हात आखडतो म्हणतेस. गाणं १७० च्या आसपास आहे, आखडणारच. पण तू सुरुवातच उलटी केलीस. ‘एवढ्या वेगात तोंडानं म्हणणार कसं’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. नाही म्हणता येत, मलाही येत नाही. म्हणून आधी फक्त कॉर्ड गा: डी मायनर, जी मायनर, सी, ए. प्रत्येकाचा खालचा सूर धर. ब्लॅकमोरनं स्वतःच सांगितलंय की ही चाल त्यानं जर्मन संगीतकार बाखच्या वळणाची घेतली, आणि हा सोलो त्यानं आधी बसवून मग रेकॉर्ड केला. बाकी ठिकाणी तो आयत्या वेळी वाजवणारा माणूस, इथं मात्र घरून लिहून आणल्यासारखं. मग प्रत्येक कॉर्डवर पहिला आणि शेवटचा सूर गा. मधलं सगळं ‘तननन’ म्हटलंस तरी चालेल. कुठून निघायचं आणि कुठं पोचायचं हे गळ्याला कळलं की बोटांना सांगावं लागत नाही. पुढं वेग येईल. नाही आला तर ११० वर वाजव. ११० वरचा सुरेल ब्लॅकमोर मी बसून ऐकेन, १७० वरचा खडखडाट नाही.

रीलवाल्या मुलाचं काय घेऊन बसलीस? व्हॅन हेलनचं ‘इरप्शन’ १९७८ चं, पावणेदोन मिनिटांचंसुद्धा नाही. टॅपिंग त्यात शेवटी येतं. त्याआधी व्हॅन हेलन काय करतो ते त्या मुलाला विचार. मध्येच व्हायोलिनवाल्यांच्या रियाजातला क्रॉइट्झरचा एक तुकडा आहे, तो ओळखू आला का विचार. नसेल आला, तर त्यानं ऐकलेलं नाही, नुसतं पाहिलंय. गिटार बघायची गोष्ट झाली की संपलं.

तू मनात म्हणत असशील, काकांच्या वेळी टॅब नव्हते म्हणून हे सगळं तत्त्वज्ञान. बरोबर आहे, नव्हते. लक्ष्मीपुरीत एका मित्राकडं रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावर मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड सोळाच्या वेगावर लावायचो. निम्मा वेग आणि एक सप्तक खाली. लेड झेपलिनचा जिमी पेज म्हशीसारखा हंबरायचा, पण सूर सुटे व्हायचे. नंतर कॅसेट आल्या. टेपरेकॉर्डरची मोटर जोरात फिरायची, त्यामुळं गाणं ना ‘ई’ला बसायचं ना ‘एफ’ला. आधी गिटारच त्या टेपला जुळवून घ्यायची, मग पुढचं. तुझ्या फोनवर तर सूर न बदलता वेग निम्मा होतो! असलं काही हाताशी असतं तर मी जेवलोसुद्धा नसतो. आणि तू ते सोडून आकडे बघतेस. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ जुळत नाही म्हणून तू आठवडाभर रडलीस, आणि कारण काय, तर त्या अल्बमवर गिटारी अर्धा सूर उतरवून लावल्यात. रेकॉर्डबरोबर पहिला सूर गायली असतीस तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

मी दिवसा उद्यमनगरात टर्नर होतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात. ऑर्केस्ट्रात गाण्यातला गिटारचा पीस रेकॉर्डला आहे तस्साच लागतो. गणपतीत एका गल्लीच्या कार्यक्रमात मी एका पिसाला जरा वेगळं वळण दिलं, तर मालकानं स्टेजमागं घेऊन सांगितलं, पब्लिक तुला ऐकायला आलेलं नाही. त्यानंतर कधी दिलं नाही. खंत आहे, लपवत नाही. दुसऱ्यांचे सोलो एवढे घोटले आणि माझा म्हणून एकही कुणाच्या कानात नाही. लोक म्हणतात, मुंबईला गेला असतास तर. गेलो नाही. घर होतं, आई होती, आणि लेथवर महिन्याला पगार होता. पण नक्कल केली म्हणून मला कुणी कमी लेखलं की माझं डोकं फिरतं. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मायामीत रेकॉर्ड करताना ईगल्सच्या गिटारवाल्या डॉन फेल्डरला शेवटी नव्यानं काहीतरी वाजवायचं होतं. त्याच बँडचा डॉन हेन्ली म्हणाला, नाही, डेमोत होतं तेच पाहिजे. डेमोची कॅसेट राहिली होती कॅलिफोर्नियाला घरी. मग फेल्डरनं घरी फोन लावला, कामवाल्या बाईंना ती टेप फोनजवळ वाजवायला लावली आणि स्वतःचंच वाजवणं ऐकून पुन्हा शिकला. जगातला सगळ्यात लाडका सोलो, आणि त्याच्या कर्त्यालाही तो असा कानानं उतरवून घ्यावा लागला. मग आम्ही केलं ते हलकं कसं?

माझा सगळ्यात लाडका मात्र ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, हे तुला ठाऊक आहे. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय १७. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर दाबायची तीच बोटं. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, दोन बोटांवर वाजवणाऱ्याची. मग त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं सूरही खाली उतरवला. त्या बोटांना तारेचा स्पर्श कळत नव्हता. मग सूर बरोबर लागला की नाही हे त्याला कशानं कळत असेल? कानानंच ना? उद्यमनगरात प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. आणि तू मला तुझं करंगळीचं दुखणं सांगतेस.

रागावलो असं वाटून घेऊ नको. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, त्या वयात माझा असा नव्हता. म्हणूनच चिडचिड होते.

रविवारी दहा वाजता दुकानात ये. गिटार आणू नको. गिल्मोरच्या त्या सोलोचे पहिले चार बार उभं राहून म्हणून दाखवायचे. जमले तर गिटार आणायला घरी पाठवीन, नाही जमले तर भडंग खाऊन परत जायचं. वैतागून नाही आलीस तर पुढच्या रविवारीही दुकान उघडं आहे.

तुझा,
काका

ता. क. तारांचा नवीन सेट घेशील तो दहाचा घे, जरा जाड तारांचा. नऊचा नको. तुझं बोट जोरात दाबतं आणि नऊच्या तारेत सूर वर चढतो. आणि या पावसात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसत जा, गेल्या वेळच्या सेटवर नुसता गंज होता.