एचिंग, एन्ग्रेव्हिंग आणि ‘अन्न’

जुन्या इंग्लंडमधील खेळ, इमारती आणि राजेराण्या यांच्या छापील चित्रांना ‘रेखाचित्रे’ म्हणावे की ‘कोरीव चित्रे’, असा प्रश्न आला आहे.

‘रेखाचित्र’ मुळीच म्हणू नये. चित्रांखालच्या ओळींत हा शब्द सर्रास वाचावा लागतो आणि दर वेळी खटकतो, कारण रेखाचित्र कागदावर थेट हाताने काढलेले असते. ही चित्रे मात्र तांब्याच्या पत्र्यावरील खोलगट रेघांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद त्यावर दाबून उमटवलेली असतात.

पण म्हणून सरसकट ‘कोरीव’ म्हणणेही बरोबर नाही. अठराव्या शतकात जॉर्ज व्हर्च्यू या इंग्रज कारागिराने केलेली इंग्लंडच्या राजांची चित्रे एन्ग्रेव्हिंग आहेत, म्हणजे पोलादी कोरणीने खोदलेली. त्यांना ‘कोरीव’ हा शब्द शोभतो. याउलट, लंडनचे जुने सेंट पॉल कॅथेड्रल १६६६ च्या आगीत नष्ट होण्यापूर्वी वेन्सेस्लॉस हॉलार या चित्रकाराने १६५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथासाठी त्याची जी चित्रे केली, ती एचिंग आहेत. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, सुईने फक्त तो लेप खरवडतात आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर आम्ल सोडतात. पुढचे काम आम्लाचे.

‘एच’ हे क्रियापद इंग्रजीत डचमधून आले, डचमध्ये जर्मन ‘एट्सेन’वरून, आणि या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ ‘खायला घालणे’! इंग्रजीतील ‘ईट’ हा त्याचाच भाऊबंद. या साऱ्यांचे मूळ आणि संस्कृतातील ‘अद्’ हा धातू एकच, आणि ‘अद्’पासूनच आपला ‘अन्न’ शब्द झाला. तेव्हा हॉलारच्या चित्राचे नाव आणि आपल्या ताटातले अन्न एकाच कुळातले आहेत. गंजाने पत्रा खाल्ला, असे मराठी माणूस सहज बोलतो. नेमकी तीच कल्पना जर्मन कारागिरांनी आम्लाला लावली. आपल्या परिभाषाकारांनी मात्र ‘अम्लरेखन’ असा शब्द योजून या प्रक्रियेचा प्राणच काढून घेतला. आम्ल रेखाटत नाही, ते खाते. रेखाटण्याचे काम सुईने आधीच केलेले असते. ‘खाणे’ ज्या धातूपासून आले त्याच ‘खाद्’पासून सिद्ध होणारा ‘अम्लखादित’ हा शब्द व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने अचूक आहे. तो कानाला कठीण लागतो हा आक्षेप मला मान्य नाही. ‘विद्युतचुंबकीय’ आपण पचवलेच.

‘एन्ग्रेव्ह’चा संबंध ग्रीक ‘ग्राफेन’शी (म्हणजे ‘लिहिणे’शी) जोडणाऱ्या जुन्या कोशकारांवरही विसंबू नये. त्याचे मूळ ‘खणणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे, आणि थडग्याला इंग्रजीत ‘ग्रेव्ह’ म्हणतात तेही त्याच धातूमुळे.

हाती आलेले चित्र भिंगाखाली धरावे : कोरणीची रेघ शेवटाकडे निमुळती होते, आम्लाने खाल्लेली रेघ बोथट संपते. पहिल्याला ‘कोरीव’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘अम्लखादित’.