शिरोलीची गिऱ्हाईकं आणि लिस्बनचं घरभाडं

प्रश्न: मी कोल्हापूरचा, सध्या पुण्यात आयटीत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, छोटं सॉफ्टवेअर केलंय, कुठल्या हीटचे (एका वेळच्या ओतीचे) किती कास्टिंग रिजेक्ट गेले, ब्लोहोल (आत हवेची पोकळी) की साच्याच्या सँडचा प्रॉब्लेम, ते सुपरवायझर मोबाईलवर टाकतो आणि मालकाला संध्याकाळी दिसतं. सहा फाउंड्र्या वापरतात, प्रत्येकी महिना 3,000 रुपये. नोकरी सोडून, कुणाचा पैसा न घेता हेच वाढवायचं आणि पाचेक वर्षांत पोर्तुगालला राहायला जायचं असं डोक्यात आहे. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ई-रेसिडेन्सीचं आधी सांगतो, नको. 2014 पासून ती मिळते, तिच्यावर तिथं ऑनलाईन कंपनी काढता येते, पण राहायचा हक्क मिळत नाही. आणि शिरोलीच्या मालकाला एस्टोनियाचं बिल दिलंत तर त्याच्या अकाउंटंटच्या मागं रिव्हर्स चार्ज जीएसटीचं (म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानंच टॅक्स भरायचा) लचांड लागणार, तो तुम्हालाच फोन करणार.

आता पोर्तुगाल. रिमोट काम करणाऱ्यांचा डी8 व्हिसा तिथल्या किमान पगाराच्या चौपट कमाई मागतो, 2025 च्या हिशेबानं महिना 3,480 युरो. युरो शंभर रुपये धरला तर साडेतीन लाखाच्या घरात, म्हणजे तुमच्या रेटनं 116 फाउंड्र्या, त्यासुद्धा सर्व्हरचा खर्च, टॅक्स आणि आपल्याकडची उधारी न धरता!

पण खरी अडचण पैशाची नाहीच. सहा गिऱ्हाईकं मिळाली ती तुम्ही शॉपफ्लोअरवर उभं राहून, बहुतेक कुणाच्या तरी ओळखीनं, सुपरवायझरच्या हातात मोबाईल देऊन शिकवल्यामुळं. ही ताकद लिस्बनमध्ये काय कामाची? म्हणून नोकरी असतानाच एक करून बघा, सातवं गिऱ्हाईक शिरोली किंवा गोकुळ शिरगावचं घेऊच नका, कोइमतूर नाहीतर राजकोटची फाउंड्री गाठा, तिथं न जाता, फोन आणि व्हिडिओवर सगळं बसवून द्या, सॉफ्टवेअरची भाषा तमिळ-गुजराती करायला लागली तर करा. अशा पाच-सहा फाउंड्र्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर धंदा तुमच्याशिवाय चालतोय असं समजा आणि मग राजीनाम्याचं बोलू. नाही भरले तर कोल्हापुरात राहून चांगला चालणारा धंदा आहे, तोही काही वाईट नाही म्हणा.

आणि रेट वाढवा हो. एका हीटचं रिजेक्शन वाचलं तरी मालकाचे 3,000 रुपये सुटतात, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीय.