डाउनलोड लिंक देणाऱ्या टूलचे वर्णन लिहिताना

एआय एजंट (स्वतःहून टूल वापरणारा एआय प्रोग्राम) वापरणार असलेल्या या टूलच्या वर्णनाचा तुमचा मसुदा वाचला. सुरुवात चांगली आहे. मात्र हे वर्णन माणसाआधी एजंटमागचे एआय मॉडेल वाचणार आहे आणि टूल केव्हा वापरायचे हे ते बहुतांशी त्यावरूनच ठरवणार आहे, हे ध्यानात ठेवा. म्हणून पहिल्याच वाक्यात लिहा: ‘हे टूल फाइलचा मजकूर देत नाही, फक्त ती डाउनलोड करण्याची तात्पुरती लिंक देते.’ हे स्पष्ट नसेल, तर फाइल न उघडताच एजंट तिचा सारांश रचू शकतो.

सुरुवातीला एवढे पुरे:

- लिंकची मुदत सांगा. ॲमेझॉन एस३ या फाइल साठवण्याच्या क्लाउड सेवेची प्रीसाइन्ड लिंक (फाइल उघडण्याची परवानगी आधीच जोडलेली लिंक) जास्तीत जास्त ७ दिवस चालते, आणि तात्पुरत्या क्रेडेन्शियल्सनी (ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्यांनी) बनवलेली असेल तर त्यांची मुदत संपताच, म्हणजे त्याआधीही, बंद पडते. त्यामुळे लिंक साठवून न ठेवता गरजेच्या वेळी नवी मागावी, असे एजंटला सरळ सांगा.
- या टूलला द्यायचा फाइल आयडी (फाइल ओळखण्याचा कोड) कोणत्या टूलमधून मिळतो ते लिहा, नाहीतर आयडीच्या जागी फाइलचे नाव भरले जाते.
- ‘फाइल नाही’ आणि ‘परवानगी नाही’ या त्रुटी वेगळ्या दाखवा.

अशी लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला मुदतीत फाइल उघडता येते, तेव्हा उदाहरणात चालू लिंक कधीही चिकटवू नका. मोठ्या फाइल तुकड्यांनी डाउनलोड करण्याचा भाग सध्या बाजूला ठेवा.