अंतर ÷ वेग केलं तरी विमानाच्या तिकिटावरची वेळ का जुळत नाही?

किलोमीटरमधल्या अंतराला ९०० ने (जेट विमानाचा ताशी किमी वेग) भागून आलेला आकडा नेहमी कमीच भरतो, कारण विमान पूर्ण वेगात असतं ते फक्त वर, स्थिरावल्यावर. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळ तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

जेट विमानासाठी सोपा हिशोब: किलोमीटर ÷ ८५०, अधिक अर्धा तास. गेट ते गेट वेळ हवी असेल तर आणखी १५-२० मिनिटं. ५०० किमीला हवेत साधारण एक तास पाच मिनिटं येतात, म्हणजे जवळपास निम्मा वेळ चढण्या-उतरण्याचाच! टर्बोप्रॉप (पंख्याचं लहान विमान) असेल तर ८५० च्या जागी ५०० धरा.

लांबच्या मार्गावर खरी गंमत वाऱ्याची. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके सुमारे ५,५५० किमी. जाताना साधारण ८ तास, परतताना ७, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचीवरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो.

आणि तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या असतात. लंडनहून सकाळी १० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी १ ला पोहोचलात तर प्रवास ३ तासांचा नाही. ५ तासांचा फरक मिळवा, ८ होतात.

अंतर स्वतः अक्षांश-रेखांशांवरून काढत असाल तर अंश आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदला आणि पश्चिम रेखांश उणे घ्या. बहुतेक चुका इथेच होतात. उत्तर नॉटिकल (सागरी) मैलांत आलं तर किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा.