वस्त्रे, खिलत आणि शिरपाव

प्रश्न असा आला आहे : ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ म्हणजे खरोखर कपडेच मिळत का? आणि रामराजा नामधारी छत्रपती होते, तर त्यांच्याकडून ती घ्यायची कशाला?

आधी एक सांगतो. ‘माधवरावांचा राज्याभिषेक झाला’ असे बोलणे आणि लिहिणे आता बंद करा. राज्याभिषेक छत्रपतींचा. पेशव्यांना वस्त्रे होत, ती साताऱ्याहून, आणि त्यांबरोबर शिक्के-कट्यार. म्हणजे हो, कपडेच मिळत. पण खरी मेख शिक्क्यात होती. माधवरावांचा शिक्का वाचा : ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान, माधवराव बल्लाळ मुख्य प्रधान’. हा राजाराम म्हणजेच रामराजा. राजाचे नाव आधी, प्रधानाचे मागून.

या वस्त्रांना दरबारी फारसीत शब्द आहे ‘खिलत’. तो मूळचा अरबी, आणि त्याचा धातू आहे ‘उतरवणे, काढून टाकणे’. राजाने स्वतःच्या अंगावरून उतरवून दिलेला पोशाख, ती खिलत. त्याच धातूपासून अरबीत पदच्युतीलाही शब्द आहे : ‘खल्अ’. नेमणूक आणि बडतर्फी एकाच धातूच्या पोटातून निघाल्या! १७७३ मध्ये नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांनी साताऱ्याची वस्त्रे मिळवली. पुढच्या वर्षी बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकवटलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी, पुरंदरावर जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी तीच मिळवली. बाळाच्या अंगावर ती चढली, तेव्हा दादांच्या अंगावरची उतरली. त्या धातूचे दोन्ही अर्थ एका घटनेत भेटतात ते असे.

‘शिरपाव’चेही तेच. त्यातले शिर पाहून ‘डोक्याला बांधायचे मानाचे पागोटे’ असा अर्थ लावणारे अर्धाच शब्द वाचतात. मूळ फारसी ‘सर-ओ-पा’, डोके आणि पाय. नखशिखान्त पोशाख. ‘पाव’ला पावण्याशी जोडणाऱ्यांनी फारसी कोश उघडायची तसदी घेतलेली नाही. आणि शिरपेच वेगळा : तो पागोट्यावरचा दागिना, त्यातला ‘पेच’ म्हणजे पीळ. बक्षिसाच्या बातमीत शिरपेच आणि शिरपाव एकच समजून वापरतात, ते चूक.

राहिले ‘नामधारी’. रामराजा १७५० मध्ये गादीवर आले. त्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभार पेशव्यांकडे गेला, आणि नोव्हेंबरात, त्यांना आपला नातू म्हणवणाऱ्या ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. ते आपले नातू नव्हेत, असेही पुढे त्यांनीच शपथेवर सांगितले. १७७७ पर्यंत रामराजांच्या हाती कारभार नव्हता, हे खरेच. पण त्यांच्या वस्त्रांवाचून पेशवा होता येत नव्हते, म्हणून दादा आणि बारभाई एकमेकांच्या जिवावर उठलेले असतानाही दोघांनी हात पसरले ते साताऱ्यापुढेच. या राजाला ‘बाहुले’ म्हणू नका. ‘नामधारी’ चालेल, कारण शिक्क्यावर नाव त्यांचेच होते.