शोकेसमधला शंख विषारी आहे का?

प्रश्न : माझे दीर नौदलात होते. त्यांनी लक्षद्वीपहून आणलेला तपकिरी नक्षीचा शंख आमच्या शोकेसमध्ये आहे. नातू तो सारखा कानाला लावून बसतो. परवा भाचा म्हणाला, "मामी, हा माणूस मारतो!" फेकून देऊ का? फोटो सोबत पाठवला आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : फेकू नका हो! विष असतं ते आतल्या गोगलगायीत, आणि ती केव्हाच मेली. नातवाला खुशाल खेळू द्या. कवच पातळ आहे, तेवढं पडू देऊ नका.

फोटोवरून हा 'कोनस जिओग्राफस' दिसतो, म्हणजे शंकूच्या आकाराच्या 'कोन शंखां'तली एक जात. कोन शंखांचं तोंड सहसा चिरेसारखं अरुंद असतं. तुमच्याचं खाली चांगलं रुंदावलंय, आणि वरच्या वेटोळ्यावर बारीक गाठींची रांग आहे.

भाचा मात्र खोटं बोलला नाही. कोन शंखांमुळे जी माणसं दगावली, त्यांतली बहुतेक याच जातीने मारली. हा रात्रीचा शिकारी, मासे खाणारा. मासा त्याच्याहून कितीतरी चपळ, मग पकडतो कसा? पाण्यात चक्क इन्सुलिन सोडतो, तेही माशांच्या इन्सुलिनसारखं! हे 2015 साली उजेडात आलं. माशाची साखर उतरते, तो सुस्तावतो. मग हा तोंड गोणीसारखं पसरून त्याला जिवंत आत घेतो आणि पोकळ दात खुपसून विष टोचतो. एक दात एकदाच वापरायचा. नंतर काटे-खवल्यांबरोबर तोही थुंकून टाकायचा.

जाड बाजूने धरला तर धोका नाही, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. ऐकू नका. दात टोचणारी सोंड लांबते आणि मागेही वळते. 1935 साली ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावर एका तरुणाने असाच जिवंत शंख तळहातावर धरून सुरीने खरवडायला घेतला. काही तासांत गेला बिचारा.

तेव्हा पुढे कधी लक्षद्वीप-अंदमानला गेलात, तर नातवाला बजावा : शंकूसारखा शंख दिसला, तर रिकामा वाटला तरी हात लावायचा नाही. यावर उतारा निघालेला नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडतात. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. डंख बसलाच तर हातापायाला पट्टी घट्ट गुंडाळून हालचाल थांबवा आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा. याचा डंख दुखतोच असं नाही, त्यामुळे 'काही झालं नाही' म्हणत थांबू नका.