ऑपरेशननंतर आईचा डोळा चमकतो, त्याबद्दल

तुमच्या आईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, रामकुंडावर आरतीच्या वेळी काढलेल्या फोटोत तो डोळा मांजरासारखा चमकतोय आणि पापणीही जरा खाली आल्यासारखी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझे दोन्ही डोळे झालेत, त्यामुळे ही दोन्ही प्रकरणं मी घरच्या घरी भोगली आहेत.

आधी चमक. आमच्याकडे तिन्हीसांजेला मी निरांजन लावत होते, तर नात म्हणाली, "आजी, तुझ्या डोळ्यात काजवा बसलाय!" धस्स झालं. दवाखान्यात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मग तेच निरांजन हातात घेऊन आरशासमोर उभी राहिले. ज्योत डावीकडे नेली की ठिपका सरके, उजवीकडे नेली की परत येई, आणि मान जरा वळवली की गायब. म्हणजे ते ज्योतीचंच प्रतिबिंब होतं. आपलं मूळचं भिंग मऊ आणि चांगलंच फुगीर असतं, त्यावरून उजेड फारसा परत फिरत नाही. आत बसवलेलं भिंग बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचं असतं. ते चपटं आणि गुळगुळीत, त्यामुळे त्यावर उजेड आरशासारखा उमटतो. त्यात अंधारात बाहुली मोठी होते, म्हणजे खिडकीच उघडते म्हणा ना. म्हणून आरतीच्या वेळी दिसलं, दुपारी गंगापूर रोडवर उन्हात दिसणार नाही. हे भिंग आत आहे तोवर राहणार, त्याने नजरेला काही होत नाही. सुनेला मात्र फोटो काढताना फ्लॅश बंद करायला सांगते, एवढी हौस मला अजून आहे.

पापणीचं वेगळं. ऑपरेशनच्या वेळी डोळा उघडा राहावा म्हणून पापण्यांना चिमटा लावतात, शिवाय कुणाकुणाला डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात. त्याने पापणी उचलणारा स्नायू ताणला जातो. माझी डावी पापणी दोनेक महिने आळसावलेली होती, मग आपोआप वर आली. बहुतेकांची काही आठवड्यांत ते काही महिन्यांत येते. सहा महिने झाले तरी तशीच राहिली, तर डॉक्टरांना विचारा, त्यावर इलाज आहे. तपासणीला जाताना आईंचा ऑपरेशनआधीचा एखादा जुना फोटो सोबत न्या. कधीकधी त्यात असं निघतं की पापणी बऱ्याच वर्षांपासूनच थोडी खाली होती, लक्ष कुणाचंच नव्हतं.

आईंचा डोळा पूर्वीपेक्षा लहान-मोठा वाटत असेल, तर आधी चष्मा कसला होता ते आठवा. अधिक नंबरच्या काचेतून डोळे मोठे दिसतात, उण्या नंबरच्या काचेतून लहान. चष्मा गेला की खरं माप उघडं पडतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी भिंग काढायचे आणि आत काहीच बसवायचे नाहीत, मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आणि त्यामागे बशीएवढे डोळे! पहिलं कृत्रिम भिंग हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवलं, पण ते आमच्या घरापर्यंत पोचायला बराच काळ गेला.

पांढऱ्यावर रक्ताचा लाल डाग असेल, दुखत नसेल आणि नजर ठीक असेल, तर तो आठवडा-दोन आठवड्यांत पिवळा पडत जिरतो. बुबुळाच्या कडेची करडी कडी वयाची असते, ऑपरेशनशी तिचा संबंध नाही. आईंना ती आत्ता दिसली असेल, तर आत्ता आरसा स्वच्छ दिसतोय म्हणून. मला तर पहिल्या दिवशी आरशात माझ्या सासूबाईच दिसल्या.

आता हे मात्र थांबून बघण्यासारखं नाही: डोळा ठणकू लागला, लाली वाढत चालली, नजर अंधुक झाली, चिपडं येऊ लागली, डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा विजा चमकू लागल्या, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा, रात्र असली तरी फोन करा. पापणी एकाएकी पडली आणि एकाचे दोन दिसू लागले, तरी तसंच. आणि काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर घाबरू नका. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेलं असतं, तिच्या मागच्या पापुद्र्यावर बहुधा जाळी धरलेली असते. लेझरने ती काही मिनिटांत मोकळी करतात, दाखल व्हावं लागत नाही. माझ्या उजव्या डोळ्याचं तसं झालं, दुपारी घरी येऊन मी चहा टाकला होता.